आरडीचा पंप

"चालू करायची नाही," रंगराव चौगले म्हणाले. "उघडायची. उघडून एवढंच सांगायचं, पोरानं वेग केला का इंजिन बसलं."

टेम्पोतून गाडी उतरवायला गल्लीतली माणसं बोलवावी लागली. पुढचं चाक वाकून इंजिनाला टेकलेलं, हँडल एका अंगाला, हेडलाइटच्या जागी नुसतं भोक. तरीही जाणारा येणारा थांबून बघत होता. आरडी होती ती. साडेतीनशे सीसीची मोटारसायकल, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. आमच्या कोल्हापुरात त्या काळी बुलेटवाल्याला लोक रामराम करायचे आणि आरडीवाल्याला वाट द्यायचे. रंगरावांच्या पोराची, जयसिंगची, ही गाडी सगळ्या उद्यमनगराला माहीत होती. तो मेल्यावर वर्षभर ती पोलीस ठाण्याच्या आवारात आणि मग रंगरावांच्या परड्यात ताडपत्रीखाली पडून होती.

"मामा, पंचनाम्यात अतिवेग लिहिलंय म्हणं," मी म्हटलं.

"पंचनामा करणारा मागं बसला होता काय?"

माझ्या गॅरेजला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. पाटीवर 'दिलावर ऑटो' लिहून घेतलं होतं आणि 'ऑटो'चा रंग आत्ताच उडायला लागला होता. मोठमोठे वस्ताद सोडून हा माणूस माझ्याकडं का आला, ते मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, "ते सगळे पोराचे दोस्त. माझ्या तोंडावर गोड बोलतील. तू त्याच्यावर जळायचास, असं त्यानंच मला सांगितलं होतं."

खोटं नव्हतं. जळायचोच मी. ती गाडी समोरून गेली की माझा पाना हातातच राहायचा.

रंगराव एस.टी.त ड्रायव्हर होते. सगळी नोकरी घाटातून काढली, पण गाडीला कधी ओरखडा नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला ते रिटायर झाल्यावरही शर्टाला लावायचे. असल्या माणसाचा एकुलता एक पोरगा दसऱ्याच्या दिवशी, बहिणीला सोनं द्यायला बांबवड्याला निघालेला, वाघबीळाच्या अलीकडं वडाच्या झाडावर जाऊन आपटला. स्मशानात सगळी भावकी, तालमीतली पोरं उभी असताना रंगराव मोठ्यानं म्हणाले होते, "मस्तीनं मेला. सांगून सांगून थकलो. कुणी रडू नका." मी तिथंच होतो. असं बापानं म्हणू नये, एवढंच तेव्हा वाटलं होतं.

पण त्यांच्या बायकोनं, आक्काताईनं, ते शब्द घरी ऐकले आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं सोडलं. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. भिंतीवर पोराचा फोटोसुद्धा लावू दिला नाही. "ज्यानं त्याला मस्तवाल म्हटलं, त्याच्या घरात त्याचा फोटो कशाला," असं शेजारणीला म्हणाली म्हणे. हे सगळं रंगरावांनी मला त्याच दिवशी, स्टुलावर बसून, चहा गार होऊ देत सांगितलं.

"वर्षश्राद्ध जवळ आलंय," ते म्हणाले. "इंजिन बसलेलं निघालं, तर चारचौघांत बोललो तसाच चारचौघांत शब्द मागं घेणार. तिच्यादेखत. आणि नसलंच निघालं, तर..." 

मी हेड काढले. वर्षभर गंजलेले नट, पण निघाले. डावं सिलिंडर वर उचलायला गेलो, तर हलेना. लाकडाचा ठोकळा लावून हातोडीनं हळूहळू ठोकत वर घेतलं. पिस्टन उजेडात आला, आणि मला दुसरं काही बघायची गरजच उरली नाही. वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे. पिस्टनचं अल्युमिनियम वितळून सिलिंडरला लेपलेलं. उजवं काढलं, तिथंही तेच.

"सीझ झालंय, मामा."

ते उठून जवळ आले. पिस्टनवरून त्यांनी बोट फिरवलं, मग परत फिरवलं. जन्म इंजिनाच्या बाजूला बसून काढलेला माणूस, त्याला समजावायला लागलं नाही.

"दोन्ही?"

"दोन्ही. चालत्या गाडीत जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. त्याला क्लच दाबायलासुद्धा वेळ मिळाला नसणार."

"म्हणजे त्यानं काही केलं नाही."

"काही नाही."

रंगराव परत स्टुलावर बसले आणि रडले. गिऱ्हाइकं होती, शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातली माणसं होती, त्यांनी कुणाची लाज धरली नाही. धोतराच्या सोग्यात तोंड घालून ते "जयू, जयू" म्हणत राहिले. मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. कुणाच्या तरी पोराची अब्रू मी परत आणली, असं वाटत होतं.

मग त्यांनी तोंड पुसलं आणि ड्रायव्हरचा प्रश्न विचारला. "सीझ का झालं?"

"तेल पोचलं नाही."

"तेल कसं नाही पोचलं? हिला तर पंप आहे. स्कूटरसारखं पेट्रोलात तेल घालावं लागत नाही. मला जयूनंच दाखवलं होतं, ही बाजूची टाकी, हिच्यात तेल ओतायचं, पंप आपला आपण लागंल तेवढं इंजिनाला देतो. बघ टाकीत तेल हाय का!"

मी बाजूच्या टाकीचं झाकण काढलं. काठोकाठ भरलेली.

"बघितलंस?" ते म्हणाले. "खंडेनवमीला मी स्वतः बघितली होती. भरलेलीच होती. त्या दिवशी गाडी मी धुतली, चेनला ग्रीस लावलं, हार घातला. पोरगं झोपलं होतं, म्हटलं झोपू दे. पेट्रोल बघितलं तर काय, निळं! रेशनच्या रॉकेलासारखं निळं. बोटाला लावलं तर तेलकट. कुठल्या तरी पेट्रोल पंपवाल्यानं पोराला रॉकेल भेसळ करून दिलेलं. सगळं उपसून डब्यात काढलं आणि चांगल्या पंपावर नेऊन टाकी काठोकाठ भरून आणली. सणाची गाडी, तिच्यात घाण कशाला? म्हणजे पेट्रोल चांगलं, तेल भरलेलं. मग बसलं कसं?"

ते बोलत असताना मी गाडीच्या उजव्या बाजूला बसून पंपावरचं कव्हर खोलत होतो. ते डाव्या बाजूला होते. कव्हर हातात आलं. आत पंप नव्हता.

पंपाच्या जागी एक पट्टी बसवलेली होती. लेथवर फिरवून केलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. जयसिंग फौंड्रीत टर्नर होता, आणि असलं नीटस काम त्याचंच. तेलाच्या नळीच्या तोंडात बोल्ट ठोकलेला. शर्यतीतली पोरं असं करायची. पन्हाळ्याच्या घाटात गाड्या पळवायच्या, तर ऐन वेळी पंपानं दगा देऊ नये म्हणून तो काढूनच टाकायचा आणि स्कूटरसारखं टू-टी तेल मापून पेट्रोलातच घालायचं. टू-टी तेल निळं असतं. बाजूच्या टाकीतलं तेल मग कधी कमी होत नाही, कारण तिथून ते कुठं जातच नाही.

मी कव्हर परत जाग्यावर ठेवलं आणि स्क्रू आवळले. हात तेलकट होते, म्हणून स्क्रू दोनदा निसटला.

"पंप गेला होता, मामा," मी म्हटलं. "आतला दांडा मोडलाय. असं होतं कधी कधी. बाहेरून कळत नाही कुणाला."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही."

त्यांनी वर बघून हात जोडले. मग म्हणाले, "चालू कर गाडी. किती दिवस लागूदेत. वर्षश्राद्धाच्या आधी मला चालवत न्यायचीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काताई आल्या. डोक्यावरून पदर, हातात कापडात बांधलेलं काहीतरी. मी स्टूल पुसून दिलं, पण त्या बसल्या नाहीत.

"काल आल्या आल्या हे माझ्या पायाशी बसलं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत कधी न्हाई ते. म्हणालं, पोरगा चुकला न्हवता, पंप मोडला. मला माफ कर म्हणालं."

"मग बोलला नाही का तुम्ही?"

"बोलणार हुतो." आमच्याकडच्या बायका बोलतात तसंच त्या बोलल्या. "तोंड उघडलं आणि मनात आलं, पंप मोडला कसा? पंप तर माझ्याकडं हाय."

त्यांनी कापड सोडलं. आरडीचा ऑइल पंप, पुसून, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"धान्याच्या कणगीत ठेवायला दिला हुता जयूनं. शर्यतीसाठी काढला म्हणाला. आबांना, म्हणजे ह्यांना, सांगू नको, गाडी विकून टाकतील. मी न्हाई सांगितलं. पण पोरगा तेल घालायचा दिलावर, न चुकता घालायचा. माझ्याकडचं औषधाचं माप घेऊन जायचा. तो विसरणाऱ्यातला न्हवता."

  आक्काताई गाडीकडं बघत राहिल्या. मग एकदम खाली, तेलाच्या फरशीवरच बसल्या.

"नवमीला ह्यांनी मला डबा दिला," त्या हळू म्हणाल्या. "बंब पेटवायला घे म्हणालं, जपून वापर, रॉकेल मिसळलेलं पेट्रोल हाय. मी लाकडांवर घातलं. धूर लई आला. डोळं चुरचुरलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ते रॉकेल न्हवतं."

"मामी..."

"सांग न्हवं. रॉकेल हुतं का ते?"

"नाही."

त्या कपाळाला हात लावून बसल्या. मी शटर अर्धं ओढलं, रस्त्यावरच्यांनी बघायला नको म्हणून. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मी एक शब्द बोललो असतो," त्या म्हणाल्या, "की पंप काढलाय, तर त्यांनी ते पेट्रोल उपसलंच नसतं. आणि मी वर्षभर त्यांच्याशी बोललो न्हाई. का, तर त्यांनी पोराला नावं ठेवली म्हणून."

मग त्यांनी फरशीवर पडलेला वर्तमानपत्राचा तुकडा उचलला, उगाच घडी केली, आणि पंप माझ्या पुढ्यात सरकवला. "हा बसव. गाडीला पंप हुता, पंप मोडला, तू नवा बसवलास. त्यांना दुसरं काही कळता कामा नये. ते जगायचे न्हाईत."

बैल गेला आणि झोपा केला, तसलं काम ते. पण मी केलं. सिलिंडरं रिबोअर करून, म्हणजे आतून नव्यानं घासून आणली, पिस्टन पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले, ते मापानं थोडे मोठे, ओव्हरसाइज. फोर्क सरळ करून घेतला, पॉइंट नवे टाकले, टायमिंग लावलं, दोन्ही कार्ब्युरेटर एका तालात आणायला रक्ताचं पाणी केलं. आणि शेवटी ती गुळगुळीत पट्टी काढून तिथं पंप बसवला. पट्टी खिशात ठेवली. इतकं देखणं काम भंगारात टाकवेना.

मध्ये रंगराव येऊन जायचे. चेहरा उजळलेला. आक्काताई बोलायला लागल्या होत्या, फोटो फ्रेमला टाकला होता. चहाच्या गाड्यावर, तालमीत, जिथं माणूस भेटेल तिथं ते सांगत सुटले होते, पोरगा निर्दोष होता, पंप मोडला. काही लोक ऐकून घ्यायचे. काही हसायचे पण. बाप आहे, बोलणारच, म्हणायचे.

गाडी न्यायच्या दिवशी दोघं आले. रंगरावांनी बिल्ला लावला होता. मी किक मारली, आरडी पहिल्या किकला उठली आणि तो आवाज गॅरेजभर झाला. रंगराव डोळे मिटून ऐकत राहिले. आक्काताई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. मी गाडी बंद केली.

"जुना पार्ट दे," रंगराव म्हणाले.

एस.टी.त जन्म गेलेला माणूस. नवीन पार्ट घातला की जुना हातात घ्यायचा, हे त्याच्या हाडात मुरलेलं. माझ्या गॅरेजात प्रत्येक गिऱ्हाईक मागतं. मला ते सुचायला हवं होतं, सुचलं नाही.

"जुना कशाला मामा? मोडका तो."

"म्हणूनच हवाय. श्राद्धाला भावकी जमणार. नुसतं बोलून कोण ऐकतं? हातात देतो, म्हणतो, बघा, हा मोडला, पोरगा न्हाई."

मी भंगाराच्या पेटीकडं गेलो. दुसऱ्या एका गाडीचा, लहान, मोडका पंप सापडला. रॉकेलात बुचकळून, पुसून आणून दिला. एवढा सफाईनं खोटं बोलणारा माणूस मी नव्हे, त्यामुळं त्यांच्याकडं न बघता दिला.

त्यांनी तो उलटसुलट केला. मग गाडीच्या उजव्या बाजूला उकिडवे बसले, कव्हर खोललं आणि तो नव्या पंपाशेजारी धरला.

"भोकं बघ," ते म्हणाले. "ह्या बोल्टांवर हा बसतच न्हाई."

"मामा, ते मॉडेल..."

"दिलावर." आवाज चढलेला नव्हता. "मी घाटात माणसं नेली आयुष्यभर. कारण मी कधी कुणाच्या शब्दावर ब्रेक लागतो असं मानलं न्हाई. जुना पंप कुठाय?"

 ते बायकोकडं वळले. "तू भिंतीकडं का बघतेस?"

आक्काताई भिंतीकडून वळल्या. "हा बसवलाय तोच आपला पंप," त्या म्हणाल्या. "मोडलाच न्हवता. जयूनं काढून माझ्याकडं दिला हुता, शर्यतीसाठी. तुम्हाला सांगू नको म्हणाला. मी न्हाई सांगितलं तुम्हाला. माझी चूक. सगळी माझी."

"मग तेल?"

"पेट्रोलात घालायचा."

रंगराव खाली बसलेले तसेच राहिले. गाडीच्या टाकीवर त्यांनी हात ठेवला होता. त्यांच्या चेहऱ्यावरून मी नजर काढली नाही, कारण आता पडले तर धरायला हवं होतं.

"ते निळं," ते म्हणाले.

त्यांनी टाकीचं झाकण उघडून आत बघितलं.

"ते तेल होतं." मग झाकण लावत, "आणि मी ते उपसून टाकलं. सण आहे म्हणून."

"तुम्हाला काय ठाऊक!" आक्काताई ओरडल्या. "मी सांगितलं न्हाई तुम्हाला!"

"तू सांगितलं न्हाईस. आणि मी झोपलेल्याला उठवून विचारलं न्हाई." त्यांनी शर्टाचा बिल्ला काढला. पिन लागून बोटातून रक्त आलं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. बिल्ला त्यांनी मोडक्या पंपाशेजारी माझ्या टेबलावर ठेवला आणि उठून चालत निघून गेले. गाडी तिथंच राहिली. आक्काताई त्यांच्या मागून धावल्या.

मला वाटलं होतं, श्राद्धाला बोलवायचे नाहीत. पण निरोप आला. गेलो तेव्हा मांडवात पत्रावळी मांडल्या होत्या. भावकी बसली होती, तालमीतली पोरं बसली होती, बांबवड्याहून लेक आली होती. फोटोला हार होता. रंगराव अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, वाढप्यांच्या मध्ये उभे होते. वाढायला सुरुवात होणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"गेल्या वर्षी स्मशानात मी म्हणालो होतो, पोरगा मस्तीनं मेला. तुम्ही सगळे होता. तो शब्द मी मागं घेतो."

कुणीतरी मागून म्हणालं, "बसा रंगराव, झालं गेलं."

"ऐका. मध्ये मी पंप मोडला म्हणून सांगत फिरलो. तेपण खोटं. पंप मोडला न्हवता. गाडीचं इंजिन तेलाविना जाम झालं, आणि तेल मी काढून टाकलं होतं. नवमीला. माझ्या हातानं. पोराची काही चूक न्हवती. त्याचा वेग न्हवता. त्याची मस्ती न्हवती. त्याला मी मारला. जेवण्याआधी हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून सांगितलं. ज्याला माझ्या घरचं अन्न नको, त्यानं उठावं."

 माझ्या शेजारचा म्हातारा पत्रावळीकडं बघत होता. लेक तोंडात पदर कोंबून कोपऱ्यात बसली. उठावं की बसावं, हे कुणालाच कळत नव्हतं, मलाही नाही.

तेव्हा आक्काताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. गड्यांच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, डोक्यावरचा पदर घसरलेला, तसाच. त्यांनी नवऱ्याचा हात धरला. आमच्या गल्लीत त्या वयाच्या बाईनं चारचौघांत नवऱ्याचा हात धरलेला मी त्याआधी बघितला नव्हता, आणि नंतरही नाही.

"वाढा रे," त्या वाढप्यांना म्हणाल्या. आणि रंगरावांना पहिल्या पत्रावळीवर बसवत म्हणाल्या, "पहिलं ह्यांच्या पानात घाला. काल सकाळपास्नं जेवलं न्हाईत."